लिलाव दर वेळी निम्म्या भावात जातोय? आधी तो संपतो कधी ते बघा

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतंच. माल चांगला आहे, फोटो चांगले आहेत, बघणारे पण दिसतात, सुरुवातीला दोन-तीन बोल्या येतात आणि मग लिलाव जो गप्प होतो तो शेवटपर्यंत गप्प, आणि वस्तू निम्म्या भावात जाते. एकदा झालं तर ठीक, पण दर वेळी तेच. मी पुण्यातून टपाल तिकिटं विकतो, ईबे या ऑनलाइन लिलावाच्या अमेरिकन साइटवर, आणि याच घोळात माझं दीड वर्ष गेलंय, त्यामुळे जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतो. लांब होईल पण होऊ दे.

माझं काय व्हायचं ते आधी सांगतो. पूर्वी आपल्याकडे ईबे इंडिया होतं, 2004 मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेतलं त्यातून ते आलं आणि 14 ऑगस्ट 2018 ला बंद झालं. तिथे घेणारे-विकणारे सगळे एकाच घड्याळावर. रविवारी रात्री साडेनऊला लिलाव संपवला की नागपूरचा, कोचीचा, कोलकात्याचा माणूस जेवूनखाऊन मोकळा असायचा, त्यामुळे वेळ हा विषय कधी डोक्यातच आला नाही. ते बंद झाल्यावर मी ईबे डॉट कॉमवर, म्हणजे अमेरिकन साइटवर गेलो, आणि तिथे तर मी माझ्या सोयीनेच चालायला लागलो, म्हणजे दुपारी जेवण झालं की स्कॅनर लावायचा, तिकिटं स्कॅन करायची, तिकिटाच्या कडेच्या दात्यांची मोजणी, शिक्क्याचं वर्णन वगैरे लिहायचं आणि तीनच्या सुमारास लिस्टिंग लाइव्ह. आता ईबेवर लिलाव ज्या वेळेला सुरू होतो बरोबर त्याच वेळेला संपतो, फक्त 1, 3, 5, 7 किंवा 10 दिवसांनी. म्हणजे माझे सगळेच्या सगळे लिलाव आपल्या दुपारी तीनला संपत होते.

माझा मेहुणा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याला एक दिवस सहज म्हणालो की आज तीनला माझा एक लिलाव संपतोय, जरा बघ तिकडून कसा दिसतो. तर तो म्हणाला, "अहो दाजी, तुमचे तीन म्हणजे आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. आणि कॅलिफोर्नियात तर अडीच. कोण उठणारे तिकिटांसाठी?"

तेव्हा मी पहिल्यांदा कागद घेऊन बसलो.

त्याच महिन्यात माझ्याकडे 1949 च्या पुरातत्त्व मालिकेचे दोन संच होते. ही मालिका 15 ऑगस्ट 1949 ला निघाली, 16 तिकिटं, 3 पैच्या अजिंठ्याच्या हत्तीपासून 15 रुपयांच्या पालिताण्याच्या शत्रुंजय मंदिरापर्यंत. दोन्ही संच वापरलेले, शिक्के हलके, एकाच अल्बममधून आलेले, डावं-उजवं करावं असं काही नव्हतं. पहिला संच गुरुवारी दुपारी तीनला संपला, 22.50 डॉलरला. 14 जणांनी वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत टाकला होता (अशांना वॉचर म्हणतात). दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, की रात्री अकरापर्यंत लक्ष ठेवून होतो, म्हटलं सकाळी उठून बोली लावू, उठून बघतो तर लिलाव संपलेला, मी चाळीसपर्यंत नक्की गेलो असतो. दुसरा संच मी मुद्दाम आपल्या सोमवारी सकाळी 7 ला संपवला, म्हणजे न्यूयॉर्कला रविवार रात्रीचे साडेनऊ. तो 42 डॉलरला गेला.

आणि यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट अशी की दोन्ही वेळा जिंकणारा माणूस एकच होता. इंग्लंडमधला एक डीलर. पहिल्या वेळी त्याच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे तो जागा होता. दुसऱ्या वेळी त्याच्याकडे रात्रीचे अडीच, तो नक्की झोपलेला असणार, पण त्याची बोली शेवटच्या चार सेकंदांत पडली कारण तो शेवटच्या क्षणी आपोआप बोली टाकणारं सॉफ्टवेअर लावून ठेवतो. म्हणजे जिंकणाऱ्याला वेळेने काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्या नंबरच्या माणसामुळे. बिड हिस्टरी, म्हणजे कोणी कधी किती बोली लावली त्याची यादी, उघडली तर पहिल्या लिलावात दुसरी सगळ्यात मोठी बोली 22 ची आणि दुसऱ्या लिलावात 41 ची, आणि ती ओहायोवाल्याची.

ईबेचं गणित असं आहे की तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, सिस्टिम तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत नेते, आणि शेवटचा भाव म्हणजे दुसऱ्या नंबरची कमाल रक्कम अधिक एक पायरी. 5 ते 24.99 डॉलरमध्ये पायरी अर्ध्या डॉलरची, 25 ते 99.99 मध्ये एक डॉलरची. म्हणून 22 वर 22.50 आणि 41 वर 42. त्या डीलरने कदाचित दोन्ही वेळा 60 टाकले असतील, मला ते कधीच दिसणार नाही. भाव ठरवतो तो हरणारा. त्यामुळे संपायची वेळ निवडताना विचार या दुसऱ्या माणसाचा करायचा, तो कुठे राहतो, त्या वेळी जागा आहे का, फोन हातात आहे का. पहिला माणूस कसाही करून येतोच.

यावर काही जण म्हणतात की हल्ली सगळे शेवटच्या सेकंदाला बोली लावणारी अ‍ॅप वापरतात, मग वेळेने काय होतं. सगळे नाही वापरत. पट्टीचे डीलर वापरतात, आणि साधा हौशी संग्राहक, जो रात्री जेवून सोफ्यावर बसून फोनवर बघतो, तो हाताने बोली लावतो. तो आला तरच डीलरला खरे पैसे मोजावे लागतात. शिवाय शेवटच्या क्षणाला बोली लावायची पद्धत काही आजची नाही, अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्येच यावर पेपर लिहिला होता (रॉथ यांना पुढे 2012 मध्ये नोबेल मिळालं), त्यांनी बघितलेल्या ईबेवरच्या जुन्या वस्तूंच्या लिलावांपैकी 59 टक्क्यांमध्ये शेवटची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आली होती. त्याच काळात अ‍ॅमेझॉनचे पण लिलाव असायचे, तिथे हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास, कारण तिथे शेवटच्या 10 मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. ईबेवर वेळ वाढत नाही, घड्याळ शून्यावर आलं की खेळ खलास. म्हणून तिथे शेवटची पाच मिनिटं कुठे पडतात याला एवढी किंमत आहे.

तुमचा प्रॉब्लेम खरंच वेळेचा आहे का, हे कसं ओळखायचं

हे आधी करा, नाहीतर वेळ बदलत बसाल आणि रोग भलताच असेल. तुमचे शेवटचे दहा-पंधरा संपलेले लिलाव काढा आणि प्रत्येकाचे वॉचर किती होते आणि बिड हिस्टरीत शेवटची बोली कधी आली हे एका कागदावर लिहा. फक्त एवढंच.

वॉचर भरपूर, बोल्या कमी, आणि शेवटची बोली संपायच्या आठ-दहा तास आधीची किंवा आदल्या दिवसाची असेल तर रोग वेळेचा आहे. लोकांना वस्तू हवी होती, ते शेवटी येणार होते, आणि शेवट ते झोपेत किंवा ऑफिसात असताना झाला. माझ्या पहिल्या संचात अगदी हेच, 14 वॉचर, बोली लावणारे तिघेच, आणि संपायच्या आधीचे आठ तास शुकशुकाट, डीलरची ती शेवटची सेकंदांतली बोली सोडली तर.

वॉचरच दोन किंवा तीन असतील तर वेळेच्या मागे लागू नका. टायटलमध्ये लोक जो शब्द शोधतात तो नसेल, कॅटेगरी चुकली असेल, पहिला फोटो अंधारा असेल. तिकिटांत तर मागच्या बाजूचा फोटो नसला की जाणकार माणूस पुढेच निघून जातो.

वॉचर आहेत, शेवटच्या मिनिटांत बोल्या पण येतायत, तरीही भाव कमी, असं असेल तर मग बहुतेक तोच बाजारभाव आहे, किंवा तुमचा टपालखर्च जास्त आहे. 10 डॉलरच्या तिकिटाला 15 डॉलर पोस्टेज लावलं तर माणूस ते 15 मनातल्या मनात बोलीतून वजा करतो. सोल्ड आयटम्सचा, म्हणजे फक्त विकला गेलेला माल दाखवणारा फिल्टर लावून तीच वस्तू बाकीच्यांकडे कितीला गेली ते बघा, ईबेवर विकणाऱ्यांसाठीच्या सेलर हब या पानात टेरापीक नावाचं साधन आहे त्यातही विकलेल्या मालाचे भाव दिसतात. तिथे सगळ्यांचीच विक्री 20 च्या आसपास असेल तर तुम्ही अमेरिकेच्या कुठल्याही मुहूर्तावर संपवा, 20 च येणार.

आता वेळ काढायची कशी

आपली गडबड होते ती अर्ध्या तासाच्या फरकामुळे आणि तारीख बदलते त्यामुळे. मी एक सोपी पद्धत ठेवलीय. आधी गिऱ्हाइकाच्या गावची वेळ ठरवायची, मग ती भारतीय वेळेत आणायची. उलटं कधीच करायचं नाही, म्हणजे "मला सकाळी सात बरे पडतात, तिकडे किती वाजतात बघू" असं करत बसलात की पुन्हा तुमच्याच सोयीवर येऊन थांबाल.

अमेरिकेत चार मोठे टाइम झोन आहेत आणि न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये तीन तासांचं अंतर आहे. दोन्हीकडचा माणूस घरी आणि जागा असेल अशी खिडकी लहान आहे. न्यूयॉर्कचे रात्री साडेनऊ म्हणजे लॉस एंजेलिसचे संध्याकाळचे साडेसहा. याच्या आधी गेलात तर पश्चिमेकडचे लोक बाहेर असतात, फार पुढे गेलात तर पूर्वेकडचे झोपायला जातात. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे त्यांचं घड्याळ एक तास पुढे असतं तेव्हा (ते खाली लिहिलंय), ही वेळ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 7, हिवाळ्यात 8. रविवारची रात्र हवी असेल तर आपला सोमवार. कित्येक जण इथेच चुकतात, फॉर्मवर आपला रविवार टाकतात आणि लिलाव तिकडे शनिवारी रात्री संपतो, जेव्हा लोक बाहेर जेवायला गेलेले असतात.

पण गिऱ्हाईक कोण आहे त्यावर हे सगळं बदलतं. भारतीय तिकिटांचे जाणकार मला इंग्लंड आणि जर्मनीतही खूप भेटतात, आणि वरच्या वेळेला इंग्लंडात रात्रीचे अडीच आणि जर्मनीत साडेतीन वाजलेले असतात. त्यामुळे आता मी मालाप्रमाणे दोन वेळा ठेवल्यात. ज्या लॉटवर, म्हणजे लिलावाला लावलेल्या मालावर, अमेरिकेतले लोक जास्त येतात, म्हणजे थीमवाली तिकिटं, प्राणी-पक्षी, रेल्वे, गांधीजी, ते वरच्या वेळेला. आणि ज्यावर इंग्लंड-युरोपचे अभ्यासू लोक असतात ते इंग्लंडच्या रविवारी रात्री 9 ला. तेव्हा जर्मनीत 10 वाजलेले असतात, न्यूयॉर्कला दुपारचे 4 आणि लॉस एंजेलिसला दुपारचा 1, आणि रविवार असल्यामुळे हे चारही ठिकाणचे लोक जागे आणि घरी असायची शक्यता बरीच. आपल्याकडे ही वेळ उन्हाळ्यात सोमवारी पहाटे दीड, हिवाळ्यात अडीच. पहाटे दीडला कोण उठणार असं म्हणू नका, लिस्टिंग शेड्यूल करता येतं, सुरू व्हायची वेळ टाकून द्यायची आणि झोपायचं. फक्त शेड्यूल करताना फॉर्मवर वेळेच्या शेजारी कुठला झोन लिहिलाय ते वाचा. ईबेची स्वतःची अधिकृत वेळ पॅसिफिक आहे, म्हणजे लॉस एंजेलिसची. आपण आपली वेळ समजून तिथे पॅसिफिकमध्ये आकडा टाकला की साडेबारा-साडेतेरा तासांचा फरक पडतो, दिवसाची रात्र होते.

तुमचं गिऱ्हाईक कुठलं हे अंदाजाने नका ठरवू. गेल्या सहा महिन्यांत पार्सलं कुठे गेली त्याचे पत्ते तुमच्याकडेच आहेत. आणि नुसते जिंकणारे बघू नका, ज्यांनी प्रश्न विचारले, ज्यांनी बोली लावून हरले तेही बघा, कारण भाव ठरवणारा त्यांच्यातच आहे. माझ्याकडे जिंकणारे निम्मे इंग्लंडचे होते म्हणून मी बरेच दिवस इंग्लंडची वेळ धरून बसलो होतो, आणि हरणारे बहुतेक सगळे अमेरिकेतले होते.

मार्च आणि नोव्हेंबरचा घोळ

हा खास आपला भारतीयांचा प्रॉब्लेम, आणि दर वर्षी न चुकता येतो. आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यांच्याकडे करतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. इंग्लंड आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे 2026 मध्ये अमेरिकेत 8 मार्च आणि इंग्लंडात 29 मार्च, परत येताना इंग्लंडात 25 ऑक्टोबर आणि अमेरिकेत 1 नोव्हेंबर. मधले ते तीन आठवडे आणि तो एक आठवडा इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चारच तास असतं, त्यामुळे ज्यांनी दोन्हीकडची मिळून वेळ काढलीय त्यांचं गणित तेवढ्या काळात बसत नाही.

कसं कळतं? सगळं ठीक चाललेलं असताना अचानक दोन-तीन आठवडे विक्री ढिली पडते आणि आपण समजतो मार्केट थंड आहे. माझं एकदा मार्चमध्ये झालं. हिवाळ्यात सोमवारी सकाळी 8 ची सवय लागली होती, मार्चमध्ये तीच ठेवली, तर लिलाव न्यूयॉर्कला साडेनऊऐवजी रात्री साडेदहाला संपायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार म्हणजे ऑफिस, लोक दिवा बंद करून झोपलेले. एप्रिलच्या मध्यात लक्षात आलं. आता मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर या चार रविवारांना लाल पेनने गोल करतो आणि बाजूला नवीन भारतीय वेळ लिहितो. आणि या तारखा ज्याच्या मध्ये येतात असा लिलाव असेल तर लिस्टिंग लाइव्ह झाल्यावर ते उघडून संपायची वेळ परत एकदा डोळ्याने वाचतो, हिशोबावर सोडत नाही.

रविवार संध्याकाळ सगळ्यांसाठी नाही

सगळीकडे एकच सल्ला मिळतो की रविवार संध्याकाळी संपवा. मी वर जे लिहिलंय तेही रविवारचंच आहे, पण ते माझ्या मालाला लागू आहे, तुमच्या असेलच असं नाही. उरी सिमनसोन या संशोधकाचा 2010 चा एक पेपर आहे, ईबेवरच्या संध्याकाळच्या गर्दीवर, त्यात त्याने दाखवलं की बोली लावणारे ज्या वेळेला जास्त असतात त्या वेळेला विकणारे त्याहूनही जास्त गोळा होतात, आणि परिणामी त्याच तासांत माल विकला जाण्याचं प्रमाण आणि भाव दोन्ही कमी पडतात. त्याने हे डीव्हीडींवर बघितलं होतं. म्हणजे आठवडी बाजारात सगळ्यांनी कोथिंबीरच आणली तर जुडीचा भाव काय राहणार, तसं.

डीव्हीडी म्हणजे एकसारखा माल, शंभर जणांकडे तीच. तुम्ही पण तसंच काही विकत असाल, मोबाइलचे पार्ट, कव्हर, सर्रास मिळणारी तिकिटं, तर रविवारी संध्याकाळी तुमच्या वस्तूच्या आजूबाजूला तीच वस्तू दहा ठिकाणी संपत असते आणि दुसऱ्या नंबरचा माणूस तुमच्याकडे भांडायच्या ऐवजी शेजारच्या लिलावात जातो. अशा मालाला मंगळवार-बुधवारची रात्र बरी, तीच साडेनऊची. आणि जो माल एकुलता एक आहे, जो संग्राहक वर्षभर शोधतोय, त्याला गर्दीचा त्रास नाही कारण त्याच्या शेजारी तसा दुसरा नाहीच, तिथे रविवार घ्या.

हे बघायला एकच मिनिट लागतं. लिस्टिंग टाकायच्या आधी तुमची वस्तू शोधा, फक्त लिलाव दिसतील असा फिल्टर लावा, आणि आधी संपणारे वर असं लावून बघा. तुम्ही धरलेल्या तासात तोच संच आणखी चार जणांचा संपत असेल तर एक-दोन दिवस सरका. दुसऱ्याचा जास्त चांगला संच त्याच रात्री असेल तर नक्कीच सरका.

आणि स्वतःचीच गर्दी करू नका. मी सुरुवातीला शेड्यूल करताना तीसच्या तीस लॉट एकाच मिनिटाला लावायचो, सोपं पडतं म्हणून. पण माणूस शेवटच्या दहा सेकंदांत एकाच ठिकाणी बोली लावू शकतो. एकाला चार लॉट हवे होते, त्याने एकावर लक्ष दिलं आणि बाकीचे तीन हातचे गेले. आता दोन-दोन मिनिटांच्या अंतराने ठेवतो, तीस लॉटना एक तास लागतो. सुरुवातीला स्वस्तातले, चांगला माल साधारण मध्ये, म्हणजे तोपर्यंत लोक आलेले असतात आणि अजून थकलेले नसतात. आणि पोस्टेज एकत्र करून देतो असं स्पष्ट लिहायचं, कारण ज्याने पहिलं तिकीट जिंकलं त्याला पुढच्या तिकिटाला टपालखर्च जवळपास नाहीच, तो पुढे बोली वाढवतो. हे अंतर ठेवल्याशिवाय होत नाही.

कुठले दिवस टाळायचे

तिकडचं कॅलेंडर लावून ठेवा. अमेरिकेत सुपर बोलचा रविवार, हल्ली फेब्रुवारीतला दुसरा, सामना न्यूयॉर्कच्या साडेसहाला सुरू होतो आणि आपली साडेनऊची वेळ अगदी त्याच्यात जाते. मेमधला दुसरा रविवार मदर्स डे. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे, म्हणजे त्यांच्या आधीचा रविवार लोक बाहेरगावी. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, त्यानंतरच्या रविवारी अर्धा देश विमानतळावर नाहीतर हायवेवर असतो. ईस्टरचा रविवार अमेरिका आणि इंग्लंड-युरोप दोन्हीकडे नको. आणि माझ्या गिऱ्हाइकांत परदेशातले आपले लोक बरेच आहेत, तेव्हा लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ पण मी सोडतो, त्या दिवशी त्यांच्याकडे पण घरात माणसं असतात.

किती दिवसांचा लिलाव ठेवायचा, यात मी फार खोलात जात नाही. नेहमीच्या मालाला 7 दिवस, रविवारी सुरू रविवारी संप. मोठ्या मालाला 10 दिवस, तिकडच्या गुरुवारी रात्री सुरू केला की दोन वीकेंड मिळतात आणि रविवारी संपतो, आपल्या हिशोबाने शुक्रवार सकाळ ते सोमवार सकाळ.

नाणीवाले नेहमी विचारतात म्हणून हेही लिहितो, की शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि वस्तू देशाबाहेर पाठवायच्या भानगडीत पडू नका. 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे आणि त्यात खासगी माणसाला अशी निर्यात करता येत नाही. तिथे वेळ कुठली हा प्रश्नच नाही.

ज्यांचे लिलाव आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतात त्यांचं वेगळं आहे. तिथे बहुतेक ठिकाणी शेवटच्या बोलीनंतर पाच मिनिटं थांबायचा नियम असतो, म्हणजे जुन्या अ‍ॅमेझॉनसारखं, घड्याळ कोणाला चटकन कापत नाही. रात्री साडेनऊ-दहा छान चालतं. आयपीएलची फायनल असेल त्या दिवशी मात्र ठेवू नका, मी ठेवून बघितलंय, ग्रुपवर नुसता स्कोअर येत होता. आणि तुमच्या ग्रुपला हा पाच मिनिटांचा नियम नसेल तर अ‍ॅडमिनला सांगून तो आणाच, वेळेचे निम्मे प्रॉब्लेम त्यानेच जातात.

आता समजा तुम्ही हे वाचताय आणि तुमचा एक लिलाव आत्ता चालू आहे आणि तो तिकडे पहाटे चारला संपणारे. एकही बोली आलेली नसेल तर तो बंद करा आणि नीट वेळ लावून परत टाका, वॉचर जातील पण ते परत येतात. बोली आलेली असेल तर त्याला हात लावू नका. ज्याने विश्वासाने बोली लावलीय त्याची बोली रद्द केली तर तो पुढच्या वेळी तुमच्या लिस्टिंगकडे बघणार नाही, आणि शेवटच्या 12 तासांत तर बोली असलेल्या लिलावात फारसं काही बदलताही येत नाही. त्यापेक्षा एवढं करा, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्याने त्या लॉटबद्दल प्रश्न विचारला असेल त्याला उत्तर देताना खाली एक ओळ लिहा, की हा लिलाव तुमच्याकडे पहाटे चारला संपतोय, रात्री झोपायच्या आधी तुमची कमाल रक्कम टाकून ठेवा. त्या ओहायोवाल्याला मी आता हे दर वेळी कळवतो, आणि तो टाकून ठेवतो.